पोच घेतली का?

कॉलेजमधली समाजसेवा, मतदार जागृती आणि सौंदर्याच्या कल्पनांवरची चर्चा, या तिन्हींचा शेवट बहुतेक वेळा चार्ट पेपरवर होतो. पोस्टर स्पर्धा, पहिल्या तिघांना प्रमाणपत्र, परीक्षकांना शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी टाचण्या निघतात आणि बोर्ड पुढच्या 'दिना'साठी मोकळा होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या कामाचं मोजमाप फोटोवर करू नये. शेवटी हातात पोच आली का, ते बघावं. अर्जाची, तक्रारीची, ठरावाची, कशाचीही. पण आवक क्रमांक आणि शिक्का असलेली.

कॉलेजमधली समाजसेवा म्हणजे मुख्यतः राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस). ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं एक विशेष शिबिर, एवढं झालं की प्रमाणपत्र. या १२० तासांची फोड मात्र फार थोड्यांना माहीत असते: २० तास उद्बोधन, ३० तास कॅम्पसवरचं काम आणि ७० तास दत्तक गावात किंवा वस्तीत. स्वयंसेवकांच्या डायऱ्या चाळल्या की चित्र उलटं दिसतं. 'परिसर स्वच्छता, ४ तास', 'रॅली, ३ तास', 'व्याख्यानास उपस्थिती, २ तास' अशा नोंदींतच वर्ष सरतं आणि वस्तीतले ७० तास शिबिराच्या सात दिवसांत कसेबसे कोंबले जातात. कार्यक्रम अधिकाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण तोही तासिका, पेपर तपासणी आणि १०० स्वयंसेवकांचं युनिट एकाच वेळी सांभाळत असतो, आणि वरून त्याच्याकडे मागितला जातो तो फोटोसह अहवाल. जे मागतात तेच तयार होतं.

शिबिराची खरी अडचण तारखेची आहे. ते बहुधा पहिल्या सत्राची परीक्षा आटोपली की डिसेंबर-जानेवारीत लागतं. वनराई बंधारा घालायचा तर पाऊस ओसरलेला पण ओढा अजून वाहता, अशी वेळ साधावी लागते, म्हणजे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरायच्या, तोंडं शिवायची, विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून थर रचायचे आणि मध्ये चिकण माती ठासायची. काम दिवसा-दोन दिवसांचं. पण जानेवारीत कोरड्या पात्रात तो रचला तर अडवायला पाणीच नसतं, फोटो तेवढा झकास येतो. वृक्षारोपणाचंही तसंच. जानेवारीत लावलेलं रोप मे महिना काढतं ते फक्त कुणी रोज पाणी घातलं तर, आणि तोपर्यंत युनिट परीक्षेच्या तयारीला लागलेलं असतं.

मग जानेवारीत करायचं काय? शोषखड्डे करा, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारे खड्डे. जमीन कोरडी असते, खोदाई सोपी जाते आणि घराघरांत बोलणं होतं. एका कुटुंबाच्या मोरीच्या सांडपाण्याला तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा साधारणपणे पुरतो. शौचालयाचं पाणी यात सोडायचं नाही. विहीर किंवा बोअर निदान ५० फूट लांब हवी. तळाला मोठे दगड, मधल्या थरात मुठीएवढे, वर बारीक खडी. वरच्या थरात मधोमध एक मडकं बसवायचं, त्याच्या बुडाला आणि बाजूंना भोकं पाडायची आणि आत नारळाच्या शेंड्या भरायच्या. मोरीचा पाइप या मडक्यात सोडायचा. खडीवर गोणपाट किंवा जाड प्लास्टिक टाकून मग माती लोटायची, नाहीतर वरची माती खाली उतरून खडी गच्च होते.

असे खड्डे वर्षभरात तुंबतात ते तीन कारणांनी. दगड गोळा करायचा कंटाळा म्हणून राडारोडा भरला जातो. विटांचे तुकडे आणि गिलाव्याचा चुरा विरघळून गाळ होतो. काळ्या चिकण मातीत खड्डा घेतला तर पाणी मुरतच नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा मडकं कुणी साफच करत नाही. राख, भाताची शितं, तेलकटपणा शेंड्यांत अडकतो, तो पंधरा दिवसांनी काढून धुवायचा असतो. मातीची परीक्षा सोपी आहे: खड्डा खणून झाला की भरण्याआधी तळाला फूटभर पाणी ओता आणि सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर जागा बदला. मडक्याची सफाई घरात मोरी धुणाऱ्या व्यक्तीलाच दाखवा, उद्घाटनाला आलेल्या सरपंचांना दाखवून भागत नाही. शेवटच्या दिवशी घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव आणि खड्ड्याची जागा अशी यादी करून पत्रासह ग्रामपंचायतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पुढच्या वर्षीच्या युनिटला कामाची सुरुवात कुठून करायची ते या यादीतूनच कळतं.

इथपर्यंत सगळे खुशीत असतात. 'पण गल्लीत मुळात गटारच का नाही?' असं कुणी विचारलं की लगेच ठरलेलं वाक्य येतं: आपण राजकारणात पडायचं नाही. पक्षाचा झेंडा शिबिरात नको, हे मान्यच. पण गटाराचं अंदाजपत्रक म्हणजे काही पक्ष नव्हे. ते जिथे ठरतं त्या ग्रामसभेत बसण्याला घाबरलो, तर सात दिवस फावडं मारून आपण फक्त ग्रामपंचायतीचं राहिलेलं काम फुकटात केलेलं असतं.

महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा घ्यावी लागते आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा सर्वांच्या ओळखीच्या आहेत. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. खरी मेख पुढे आहे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे पहिली सभा ओस पडते आणि दुसरीत पंधरा-वीस माणसं वर्षाचे विषय मंजूर करून घरी जातात. शिबिराच्या तारखा २० ते २६ जानेवारी ठेवल्या तर सर्वेक्षणाचे निष्कर्ष थेट ग्रामसभेत जाऊ शकतात. मात्र तिथले मतदार नसलेल्या विद्यार्थ्यांना ठराव मांडता येत नाही. विषय गावातल्या माणसाने, शक्यतो बाईने, मांडायला हवा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तिथे तो आधी मांडला तर जोर येतो. विषयपत्रिका आधीच निघते, म्हणून अर्ज शिबिराच्या आधीच, आठ-दहा दिवस अगोदर द्यावा. आणि नंतर ठराव क्रमांकासह प्रत मागून घ्यावी. 'चर्चा झाली' याला काही अर्थ नसतो.

ठरावाचं पुढे काय झालं ते माहिती अधिकारात विचारता येतं. राज्यात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. विद्यार्थ्यांचे अर्ज फसतात ते 'का' या शब्दावर. 'गटार का झालं नाही?' याला 'अशी माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही' असं उत्तर येतं आणि ते नियमात बसतं. त्याऐवजी अमुक वर्षातल्या अमुक कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या पानांच्या प्रती मागा. मोजमाप पुस्तिकेत किती मीटर काम मोजलं ते लिहिलेलं असतं; टेप घेऊन ते जागेवर पडताळता येतं. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील करायचं.

आता मतदार नोंदणी. २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, शपथ घेऊन कुणाचंही नाव यादीत जात नाही, त्यासाठी नमुना ६ हा नव्या नोंदणीचा अर्ज भरावा लागतो. १९८९ पासून मतदानाचं वय २१ ऐवजी १८ झालं, तरी बरीच वर्षं फक्त १ जानेवारी हीच अर्हता तारीख होती, म्हणजे त्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागत. फेब्रुवारीत अठरा पूर्ण करणारा वर्षभर ताटकळायचा. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आणि १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जाची सोय आली. म्हणजे एफवायच्या वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण आजच अर्ज करू शकतो.

मोहिमेतला पहिला घोळ म्हणजे फॉर्म गोळा करून गठ्ठा तहसीलला नेऊन देणं. एकाच माणसाने किंवा संस्थेने आणलेले एकगठ्ठा अर्ज सहसा घेतले जात नाहीत. टेबल मांडा, पण अर्ज ज्याचा त्याने स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या ओटीपीने भरावा. एकाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेव्हा दोनशे जणांचा वर्ग एका तासात उरकू असं ठरवू नका. वर्गशिक्षकांशी बोलून तुकड्या पाडा आणि आदल्या दिवशी ग्रुपवर सांगून ठेवा: पांढऱ्या पार्श्वभूमीचा समोरून काढलेला फोटो, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि घरातल्या कुणाचा तरी मतदार ओळखपत्र क्रमांक. हा शेवटचा क्रमांक हमखास राहतो आणि मग अर्ध्या अर्जातून मुलं आईला फोन लावत बसतात.

दुसरा घोळ नावाचा. इंग्रजीत नाव टाकलं की मराठी नाव पोर्टल आपोआप तयार करतं आणि तिथे 'साठे'चं 'साथे' होतं, 'पाटील'चं 'पाटिल'. ती चौकट तिथल्या तिथे दुरुस्त करता येते. घाईत पुढे गेलं की नंतर दुरुस्तीसाठी नमुना ८ भरत बसा. हाच नमुना ८ पत्ता बदलायलाही लागतो. गावाकडे नाव असलेला हॉस्टेलचा मुलगा शहरात नवा नमुना ६ भरतो तेव्हा तो दोन ठिकाणी नोंदला जाण्याच्या वाटेवर असतो. दोन नोंदी ठेवायला कायद्यात परवानगी नाही, आणि अर्जातलं खोटं प्रतिज्ञापन तर गुन्हा आहे. नाव कुठे ठेवायचं, घरी की हॉस्टेलवर, हे मुलाने ठरवावं. हॉस्टेलचा पत्ता द्यायचा तर प्राचार्यांचं बोनाफाईड जोडावं. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी, पडताळणीला हॉस्टेलवर येतो तेव्हा फाटकावरचा वॉचमन 'असं कुणी नाही' म्हणून मोकळा होतो. म्हणून अर्जदारांची खोली क्रमांकासह यादी रेक्टरकडे आणि फाटकावर ठेवायची.

अर्ज गेला की संदर्भ क्रमांक येतो, तीच याची पोच. एका वहीत नाव आणि हा क्रमांक लिहून ठेवा आणि महिन्याभराने प्रत्येकाची स्थिती तपासा. अहवालात 'किती अर्ज भरले' लिहायचंच असेल तर शेजारी 'किती नावं यादीत आली' हा रकानाही हवा. दुसरा आकडा बराच खाली असतो आणि म्हणूनच तो कुणी लिहीत नाही.

विद्यार्थी निवडणुकांबद्दल थोडक्यात. राज्यात थेट निवडणुका १९९०च्या दशकात हिंसाचारामुळे थांबल्या, २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने पुन्हा तरतूद केली. या निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या २००६च्या शिफारशींत उमेदवाराला पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा आहे, ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि छापील पोस्टरला बंदी. फक्त हाताने रंगवलेलं चालतं. चार्ट पेपरला इथे तरी मान आहे म्हणायचा.

छापील फ्लेक्सचं राज्य बाहेर. चौकातला कुठलाही वाढदिवसाचा फ्लेक्स नीट बघा: पहिल्या रांगेतल्या नेत्यापासून खालच्या शुभेच्छुकापर्यंत सगळ्यांचा रंग एकसारखा गुलाबी-पांढरा. डिझायनरला कुणी सांगावंही लागत नाही. आपल्याकडे नगरसेवक व्हायच्या आधी माणूस गोरा होतो. विनापरवाना फ्लेक्सची तक्रार १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली पालिकेकडे करता येते. रंगाच्या विद्रूपणाला मात्र कलम नाही.

सौंदर्याच्या साच्यांवर भाषण ठेवलं की वक्ते 'मनाचं सौंदर्य' म्हणतात आणि मुलं मोबाइल काढतात. त्याच मोबाइलवर एक प्रयोग करावा. पहिला फोटो: ट्यूबलाइट डोक्यावर, मागे पांढरी भिंत, पुढचा कॅमेरा चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर, स्क्रीनवर भिंतीवर बोट दाबून प्रकाश लॉक करायचा आणि चेहरा कोरा ठेवायचा. दुसरा फोटो: खिडकीकडे तोंड, पण थेट ऊन नको, मागे काळा फळा, मागचा कॅमेरा पाच फुटांवरून किंचित झूम करून, छातीशी पांढरा चार्ट पेपर आडवा धरलेला, चौकटीच्या बाहेर, बोट चेहऱ्यावर दाबायचं, हलकं हसू. दोन्ही फोटो शेजारी ठेवून वर लिहा 'आधी' आणि '२१ दिवसांनंतर'. मधलं अंतर पाच मिनिटांचं आणि क्रीमचा थेंबही नाही.

कारण एकेक करून दाखवा. वरच्या उजेडाने डोळ्यांखाली आणि पुटकुळ्यांखाली सावल्या पडतात, समोरचा उजेड त्या पुसतो. कागद हनुवटीखाली उजेड परत फेकतो. उजळ भिंतीवर प्रकाश लॉक केला की कॅमेरा एकूण प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. आणि फूटभर अंतरावरून नाक पाच फुटांच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, हे २०१८च्या एका अभ्यासात गणिताने मांडलेलं आहे. प्रयोग फसतो तो फोनमुळे: ब्यूटी मोड, एचडीआर आणि नाइट मोड बंद केले नाहीत तर दोन्ही फोटो सारखेच गुळगुळीत येतात. आणखी एक काळजी घ्या. फोटोसाठी सावळी मुलगी शोधून पुढे बोलावू नका; आयोजकाने किंवा सरांनीच उभं राहावं. नाहीतर ज्याच्याविरुद्ध कार्यक्रम आहे तेच व्यासपीठावर घडतं.

माध्यमांचा असा परिणाम होतो याला पुरावा काय, असं विचारणारे भेटतातच. फिजीच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथे भरलेलं शरीर चांगलं समजलं जायचं. त्या वर्षी शाळकरी मुलींच्या पाहणीत खाण्याच्या विकृतीचा धोका दाखवणारे गुण १२.७ टक्के मुलींना मिळाले, तीन वर्षांनी २९.२ टक्क्यांना. पण पूर्ण माहिती सांगा: मुली होत्या ६३ आणि ६५, आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या. दिशा दाखवायला हा अभ्यास चांगला आहे, त्यावर घोषणा रंगवू नका.

आपल्याकडे गोरेपणाची सर्वांत गाजलेली क्रीम १९७५ साली आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. मधल्या काळात, २०१४ मध्ये, जाहिरात मानक परिषदेने नियम केले: सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा नोकरी-लग्नात नाकारलेली दाखवायची नाही. त्यामुळे जाहिरातीतून नाकारली गेलेली मुलगी गेली, तिच्या जागी त्वचेचा 'डलनेस' आला. परिषद ही जाहिरात उद्योगाची स्वतःची संस्था. सरकारी दंडुका आहे तो २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे: दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक बारीक कलम फार उपयोगाचं आहे. दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा. मराठीत डब केलेल्या जाहिरातीखाली इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत 'परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात' येत असेल, तर तक्रारीला एवढा मुद्दा पुरे. इन्स्टावरच्या इन्फ्लुएन्सरनेही पैसे किंवा फुकट माल घेतला असेल तर तसं सांगायला हवं. व्हिडिओत लिहूनही आणि बोलूनही.

तक्रारीत 'ही जाहिरात स्त्रियांचा अपमान करते' एवढंच लिहिलं तर ती वाहून जाते. वाहिनी, तारीख, वेळ, दाव्याचं नेमकं वाक्य, खुलाशाचा स्क्रीनशॉट आणि कोणता नियम मोडला, हे लिहा. स्टोरी २४ तासांत उडते, म्हणून आधी स्क्रीन रेकॉर्डिंग. तक्रार क्रमांक आला की तो त्याच वहीत.

जाहिरातीपेक्षा जास्त नुकसान हॉस्टेलच्या कपाटातली ट्यूब करते. मैत्रिणीने सांगितलेल्या 'ग्लो' क्रीममध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी नाव किंवा उभी लाल रेघ दिसली की ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध. अशा १४ मलमांना २०१८ मध्ये चिठ्ठी सक्तीची झाली, तरी दुकानात सहज मिळतात. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाली, पुरळ, लव येते, आणि ट्यूब थांबवली की सगळं उसळून वर येतं, म्हणून ती पुन्हा लावली जाते. फार दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. घटकांची नावंच नसलेल्या डबीत पारा असू शकतो, ती लावूच नका.

शेवटचा मुद्दा कॉलेजच्या आतला आहे. शिबिराच्या उद्घाटनाला आमदार येणार असले की औक्षणाला आणि पुष्पगुच्छ द्यायला मुली 'निवडल्या' जातात. उंच, गोऱ्या, साडीत शोभणाऱ्या. निकष कुणी उच्चारत नाही, पण दहा वर्षांचे फोटो मांडून बघा. यावर उपाय फारच साधा आहे: स्वागताची जबाबदारी हजेरीपटावरच्या क्रमाने, मुलगे-मुली दोघांनाही, आणि ज्याला नको त्याने आधी सांगायचं. हा निर्णय युनिटच्या सल्लागार समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावा. तोंडी ठरवलं तर पाहुणे येण्याच्या आदल्या संध्याकाळी यादी बदलते.